'इंटरस्टेलर' घरच्या टीव्हीवर पाहताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात परभणीच्या माझ्या मावसभावाने 'इंटरस्टेलर' या अंतराळपटाची फोरके डिस्क लावली आणि चित्रपट संपताच मला फोन केला. "दादा, डिस्क डुप्लिकेट दिसायली. चित्र मधूनच बारकं व्हायलंय, बोलणं काहीच समजंना, अन् यान फुटलं तवा तर आवाजच गेला." डिस्क अस्सल होती.

चित्र लहान-मोठे होण्याचे कारण चित्रीकरणात आहे. ख्रिस्तोफर नोलन यांनी २०१४ च्या या चित्रपटाचा काही भाग आयमॅक्स या भव्य पडद्याच्या पद्धतीच्या ७० मिमी फिल्मवर आणि बाकीचा ३५ मिमीवर चित्रित केला. त्यामुळे डिस्कवर आयमॅक्सची दृश्ये पूर्ण पडदा व्यापतात आणि इतर दृश्यांत वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. या पट्ट्या घालवण्यासाठी अनेक जण टीव्हीचा झूम लावतात. तसे केल्यास आयमॅक्सच्या दृश्यांत माणसांची डोकी कापली जातात आणि उरलेल्या दृश्यांच्या दोन्ही कडा नाहीशा होतात. प्रमाण 'ओरिजिनल' किंवा 'स्क्रीन फिट' ठेवावे आणि पट्ट्या राहू द्याव्यात.

टीव्ही दुकानातून आणल्यावर त्याचा 'व्हिव्हिड' मोड तसाच ठेवणे ही दुसरी चूक आहे. दुकानाच्या झगझगाटात तो उठून दिसतो; घरी मात्र अंतराळाचा काळा रंग निळसर-राखाडी होतो आणि शनीच्या कड्यांची बारीक छटा मरते. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडावा. हालचाल गुळगुळीत भासवणारी मोशनची सोयही बंद करावी, कारण सेकंदाला २४ चौकटींचा हा चित्रपट टीव्हीने मधल्या चौकटी स्वतः घडवून दाखवला की थेट दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. शार्पनेस आणि नॉइज रिडक्शनही शक्य तितके कमी ठेवावेत. चित्रावर दिसणारे कण हे फिल्मचे कण आहेत, ती घाण नव्हे. रंग इतके करूनही फिके वाटत असतील, तर प्लेयर जोडलेल्या एचडीएमआय पोर्टसाठी एचडीआर (उजेड-अंधाराचा आवाका वाढवणारी सोय) सुरू केले आहे का, हे पाहावे. पुष्कळ टीव्हींमध्ये प्रत्येक पोर्टसाठी ते वेगळे सुरू करावे लागते.

खरी अडचण आवाजाची आहे. यान फुटते तेव्हा बाहेरच्या दृश्यांत आवाज नाही, कारण निर्वातात ध्वनी पोहोचत नाही. तिथे रिमोट शोधू नये. संगीतात संवाद बुडण्याबाबतही, काही ठिकाणी आपण तसे जाणीवपूर्वक केले असल्याचे नोलन यांनीच तेव्हा सांगितले होते. पण भावाच्या घरी ज्या प्रसंगांत संवाद ऐकू यायलाच हवेत, तेही कळत नव्हते, आणि तो दोष खोलीचा होता. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, सबवूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) कोपऱ्यात, आणि संगीतातल्या ऑर्गनचा खालचा सूर लागला की मांडणीवरचे स्टीलचे डबे चित्रपटापेक्षा मोठ्याने वाजू लागायचे. आम्ही सबवूफर कोपऱ्यातून हात-दीड हात बाहेर ओढला, त्याची पातळी कमी केली, संवाद ज्यातून येतात त्या मधल्या स्पीकरची दोन पायऱ्या वाढवली, फरशीवर सतरंजी अंथरली आणि समोरच्या भिंतीवर आजीच्या दोन जुन्या वाकळा टांगल्या. खोलीची शोभा गेली, संवाद मात्र आले.

डिस्क लावूनही आवाज मुळीच येत नसेल, तर आधी जोडणी तपासावी. या डिस्कवर मूळ आवाज डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ या प्रकारचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीचा) आहे आणि काही टीव्ही डीटीएस पुढे साउंडबारकडे पाठवतच नाहीत. अशा वेळी प्लेयर थेट साउंडबारला किंवा रिसीव्हरला (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला) जोडावा आणि तिथून टीव्हीला केबल न्यावी. प्लेयरमध्ये पीसीएम (आवाज प्लेयरनेच उलगडून पाठवण्याचा पर्याय) निवडल्यास आवाज येईल, परंतु टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या साध्या एआरसी जोडणीवरून तो बहुधा डावी-उजवी अशा दोनच वाहिन्यांचा राहील.

मे महिन्यात भरदुपारी, झरोक्यातून ऊन आत येत असताना, यातले काहीही करून काळा रंग काळा दिसणार नाही. भावाने तोच चित्रपट रात्री जेवणानंतर पुन्हा लावला. या खेपेस त्याचा फोन आला तो कृष्णविवराबद्दल विचारण्यासाठी.