मुलाला जुलाब लागले तर ओआरएस कसं द्यावं

जुलाबात धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा. म्हणून पहिल्या पातळ शीपासूनच ओआरएस (क्षार आणि साखरेची पुडी विरघळवलेलं पाणी) सुरू करा.

१ लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण, १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात आणि ते बाळाला घातक ठरतं. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली द्या. घाईने पाजलं की उलटी होते. झालीच तर १० मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने द्या. अंगावरचं दूध, जेवण चालूच ठेवा. झिंक (जस्ताचं औषध) डॉक्टरांना विचारून १० ते १४ दिवस द्या, जुलाब आधी थांबले तरी. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना कधीच देऊ नका.

डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली, मूल मलूल पडलं, काहीच पीत नसेल किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.