माइंडफुलनेस करायचं म्हणजे नेमकं काय करायचं

"डोळे मिटून बसले पण मन शांतच होईना, डोक्यात नुसता कल्ला, मला काही हे जमणार नाही" असं म्हणून दोन दिवसांत सोडून देणारे खूप जण बघितलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण डोक्यात कल्ला चाललाय हे ज्या क्षणी त्यांना कळलं त्या क्षणी त्यांना ते जमलेलंच होतं. विचार बंद करणं हे यातलं काम नाहीच. लक्ष आत्ता जे चाललंय त्यावर ठेवायचं, ते सुटणारच, सुटलं की "सुटलंय" हे ओळखायचं आणि स्वतःवर न चिडता परत आणायचं, एवढंच. जिममध्ये डंबेल वर-खाली करता तेव्हा तो परत परत उचलणं हाच व्यायाम असतो ना, तसं इथे परत येणं हा व्यायाम आहे.

हे मी मनाने सांगत नाहीये. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाची सवय असलेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मन भटकल्याचं लक्षात आलं की एक बटण दाबा म्हणाले. म्हणजे सवय असलेल्यांचं पण मन भटकतं हे धरूनच प्रयोग आखला होता! आणि दिसलं असं की भटकताना मेंदूतलं एक जाळं चालू असतं, भान येतं तेव्हा दुसरं, आणि लक्ष वळवून परत ठेवताना तिसरं.

मन भटकतं याचं एवढं काय मोठं, असं वाटेल. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये एका अभ्यासात २२५० लोकांना फोनवर दिवसातून कधीही विचारलं की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का आणि कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि तेव्हा लोक कमी खुश होते, अगदी कंटाळवाण्या कामात सुद्धा. छान गोष्टीचा विचार करत असले तरी समोरच्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त खुश नव्हते, हे मला जास्त विचार करायला लावणारं वाटतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ पण ताठ नको, डोळे मिटा किंवा खाली एका जागी नजर ठेवा. मांडी घालायलाच पाहिजे असं काही नाही. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत, टायमर लावा म्हणजे सारखं घड्याळ बघणं होत नाही. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका, चाललाय तसा चालू दे, फक्त तो कुठे जाणवतोय ते शोधा, नाकाशी हवा आत येताना किंचित थंड लागते किंवा पोट वर-खाली होतं, जिथे स्पष्ट जाणवेल तिथे लक्ष ठेवायचं. श्वास सोडताना मनात एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत आणि मग परत एकपासून.

आणि मग काय होतं ते बघा. तीन-चार पर्यंत ठीक चालतं, मग आठवतं की अरे त्या मेसेजला उत्तर द्यायचं राहिलं, मग त्यात काय लिहायचं, मग समोरचा काय म्हणेल, मग गेल्या वेळी तो कसा बोलला होता, आणि एकदम लक्षात येतं की आपण मनात सतरा मोजतोय, दहा कधीच मागे गेले, मोजणं आपलं आपोआप चालू आहे आणि आपण तिथे नाहीच. हाच तो क्षण, इथेच बहुतेक जण स्वतःला शिव्या घालतात, आणि ती शिवी म्हणजे पण एक नवीन विचारच झाला की! त्यापेक्षा मनात नुसतं "विचार" म्हणा आणि परत एकपासून सुरू करा. पाच मिनिटांत वीस वेळा परत आलात तर वीस वेळा सराव झाला. विचारांना ढकलायला मात्र जाऊ नका, डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं होतं, तर तो विचार थांबला नाहीच, आणि नंतर करायला मोकळीक दिली तेव्हा आणखी जास्त आला.

रोजच्या आयुष्यात मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते भावनेला नाव देणं. कुणाचं बोलणं लागलं की आपण लगेच त्याने काय केलं, तो असा का वागतो यात शिरतो. त्याऐवजी आधी शरीरात काय होतंय ते बघा, जबडा आवळलाय, छाती जड झालीय, कान गरम झालेत, आणि मग साधं म्हणा, "राग आहे", किंवा नीट बघितलं तर कळेल की राग नाहीये, "वाईट वाटलंय". "मी रागावलोय" पेक्षा "राग आहे" म्हटलं की थोडी जागा मिळते आणि त्या जागेत काय बोलायचं ते ठरवता येतं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोका दिसला की खडबडून जागा होणारा जो भाग आहे त्याची, हालचाल कमी होताना दिसली.

बसायला वेळच नसेल तर रोजचं एक काम निवडा, दात घासणं किंवा अंघोळ, आणि तेवढं एकच काम लक्ष देऊन करा. पाण्याचा स्पर्श, आवाज, वास. रात्री झोपण्याआधी आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष नेणं, म्हणजे बॉडी स्कॅन, हे पण चांगलं, झोप लागली तर लागू दे.

फायद्यांबद्दल ऑनलाइन खूप काही फेकलेलं असतं म्हणून हे नीट सांगते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखणी असलेल्या लोकांसाठी हा प्रकार सुरू केला, त्याचा आठ आठवड्यांचा कोर्स आज जगभर चालतो. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा चिंता, उदासी आणि वेदना यांच्यात थोडा ते मध्यम फरक दिसला, पण औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा हे भारी आहे असं काही सापडलं नाही. डिप्रेशन परत परत येणाऱ्यांसाठी मात्र यातूनच निघालेली थेरपी खरंच मोलाची आहे, २००० साली आलेल्या अभ्यासात ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात ते पुन्हा येण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. आणि "आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते" हे वाक्य कुठे दिसलं तर भुलू नका, २०२२ मध्ये मोठ्या गटावर तपासलं तेव्हा तसा बदल दिसला नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. काहींना डोळे मिटून श्वासावर लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं, विशेषतः ज्यांच्या आयुष्यात मोठा आघात होऊन गेलाय किंवा पॅनिक अटॅक येतात त्यांना. असं झालं तर रेटून बसू नका. डोळे उघडा, तळपाय जमिनीवर दाबा, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, आणि पुढच्या वेळी श्वासाऐवजी बाहेरच्या आवाजावर किंवा चालताना पावलांवर लक्ष ठेवून बघा. तरी त्रास होत राहिला तर थांबा आणि मानसोपचार तज्ज्ञांशी बोला. आणि गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, आधी डॉक्टरांना विचारायचं.