राज्याचा कायदा अडकलेला, क्लायंट दारात: अमेरिकेतल्या टॅक्स सीझनमध्ये रिटर्नचा ढीग कसा हाताळावा

२०१९ च्या जानेवारीत व्हर्जिनियातली रिटर्न्स भरायला बसलेल्यांची पंचाईत झाली होती. फेडरल, म्हणजे केंद्राचा, करकायदा बदलून वर्ष उलटलं होतं, पण त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे राज्याने ठरवलंच नव्हतं. फेडरल कायदा डिसेंबर २०१७ चा. राज्याची राजधानी रिचमंडच्या विधिमंडळात मात्र घोळ चालूच राहिला आणि गव्हर्नरची सही झाली १५ फेब्रुवारी २०१९ ला. सीझन सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे होत आले होते. फेअरफॅक्स आणि लाउडन काउंटीत आपली बरीच माणसं राहतात. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात घेऊन त्यांचा एकच प्रश्न असे, "रिफंड कधी?"

असा उशीर नवलाचा नाही. बहुतेक राज्यांची विधिमंडळं बारमाही चालत नाहीत, ती जानेवारीत भरतात. रिटर्न भरणंही जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं. आदल्या वर्षी वॉशिंग्टनने काही बदललं असेल, तर राज्य त्यावर बोलायला लागतं ते नेमकं आपल्या धांदलीत. हा लेख दुसऱ्यांची रिटर्न्स भरणाऱ्यांसाठी आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घरातून दोनशे क्लायंट सांभाळणारे आणि पुण्यात बसून अमेरिकन फर्मचं काम करणारे, दोघांनाही तो लागू पडेल. स्वतःचं रिटर्न स्वतः भरणाऱ्यानेही वाचायला हरकत नाही.

पायरी १: राज्य फेडरल कायद्याला कसं बांधलेलं आहे ते बघा

राज्यं साधारण तीन प्रकारची. पहिल्या प्रकारात फेडरल कायदा बदलला की राज्याचाही आपोआप बदलतो. इलिनॉय आणि कोलोरॅडो यातले. दुसऱ्या प्रकारातली राज्यं एका ठरावीक तारखेच्या फेडरल कायद्याला चिकटलेली असतात आणि ती तारीख पुढे सरकवायला दर वेळी नवा कायदा करावा लागतो. घोळ होतो तो मुख्यतः इथे. कॅलिफोर्निया १ जानेवारी २०१५ या तारखेवर दहा वर्षं बसून होतं, ती तारीख २०२५ मध्ये हलली. मिनेसोटा ३१ डिसेंबर २०१८ वर थांबलं होतं. तिथे १२ जानेवारी २०२३ ला सही होऊन तारीख १५ डिसेंबर २०२२ वर आली आणि त्यानंतर अकरा दिवसांत आयआरएसने, म्हणजे फेडरल करखात्याने, सीझन उघडला.

तिसऱ्या प्रकारात न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया. उत्पन्न म्हणजे काय, याची व्याख्याच त्यांनी स्वतःची केली आहे. पेनसिल्व्हेनिया निवृत्तीसाठीच्या ४०१(के) खात्यात टाकलेल्या पैशांवर कर लावतं, न्यू जर्सी लावत नाही. या दोन राज्यांत फेडरल बदलाची बातमी आली की आधी स्वस्थ बसा. बहुधा आपला तिच्याशी संबंध नसतो.

प्रकार कळला तरी एक गोष्ट उरते, राज्याचा फॉर्म फेडरलच्या कुठल्या आकड्यापासून सुरू होतो ती. जुलै २०२५ च्या कायद्याने टिप आणि ओव्हरटाइमवर नव्या वजावटी दिल्या, त्याही २०२५ च्याच उत्पन्नापासून. पण त्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे एजीआयच्या, खाली बसतात. एजीआयपासून सुरू होणाऱ्या राज्यात त्या आपोआप झिरपत नाहीत. कोलोरॅडो आणि नॉर्थ डकोटा करपात्र उत्पन्नापासून सुरू करतात, तिथे २०२५ च्या उत्पन्नाला झिरपतात. (कोलोरॅडोने ओव्हरटाइमची वजावट २०२६ च्या उत्पन्नापासून परत मिळवायला लावली आहे.) क्लायंटला हे सांगून कळत नाही, कागदावर दोन ओळी काढून दाखवाव्या लागतात. (आपल्या आयटीवाल्यांना ओव्हरटाइम मिळतच नाही, त्यामुळे हा प्रश्न जास्त करून नर्स, टेक्निशियन आणि हॉटेलात काम करणाऱ्यांचा.)

पायरी २: ढीग वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथे, आणि हीच पायरी लोक गाळतात. "राज्याचा कायदा आलेला नाही" ही बातमी वाचून सगळी रिटर्न्स बाजूला ठेवणं म्हणजे एका खोलीत गळतंय म्हणून घर सोडून जाणं. थांबायचं की भरायचं हा प्रश्न एकेका रिटर्नला विचारायचा असतो.

अडकलेल्या कायद्यातलं कलम कुठल्या ओळीला हात लावतं ते एका वाक्यात लिहून काढा. मग क्लायंटची यादी घेऊन ती ओळ कोणाकोणाकडे आहे ते बघा. घसारा असेल तर धंदा किंवा भाड्याचं घर असलेले क्लायंट. बेकारी भत्ता असेल तर ज्यांच्याकडे त्या भत्त्याचा फॉर्म १०९९-जी आलाय ते. नुसता पगार, बँकेचं व्याज आणि स्टँडर्ड डिडक्शन एवढंच असणाऱ्या कुटुंबाला बहुतेक वेळा काहीच लागत नाही. ती रिटर्न्स आजच पाठवून मोकळं व्हा.

उरलेल्यांचे दोन भाग करा. कायदा कसाही आला तरी फरक शंभर-दीडशे डॉलरच्या आत राहील असे, आणि फरक मोठा असेल असे. सॉफ्टवेअरमध्ये रिटर्नची दुसरी प्रत काढून दोन्ही शक्यता चालवून बघितल्या की हे कळतं. अंदाजाने ठरवू नका, तो हमखास चुकतो.

पायरी ३: विधेयक आणि कायदा यांत गल्लत करू नका

व्हॉट्सॲप ग्रुपवर "बिल पास झालं" असा मेसेज आला की क्लायंटचे फोन सुरू होतात. एका सभागृहात पास झालेलं विधेयक हा कायदा नव्हे. उदाहरण फेडरलचं आहे, पण धडा तोच. ३१ जानेवारी २०२४ ला चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे मिळणारी करसवलत, वाढवणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३५७ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झालं. एवढं मोठं बहुमत बघून अनेकांना वाटलं, आता झालंच. आयआरएसचे तेव्हाचे आयुक्त डॅनी वेर्फेल लोकांना सांगत होते की थांबू नका, रिटर्न भरा. सिनेटमध्ये ते १ ऑगस्टला अडकलं, ते कायमचं. ज्यांनी त्याच्यासाठी रिटर्न रोखून धरलं, त्यांनी रिफंड उगाच लांबवला.

याच्या उलट उदाहरण २०२३ चं. राज्यांनी आदल्या वर्षी वाटलेल्या मदतीच्या रकमांवर फेडरल कर लागतो का, हे स्पष्ट नव्हतं. ३ फेब्रुवारीला आयआरएसने अशा लोकांना थोडं थांबायला सांगितलं आणि १० फेब्रुवारीला खुलासा केला. तिथे आठवडाभर थांबणंच शहाणपणाचं होतं.

माझा हिशेब साधा आहे. करखातं स्वतः "थांबा" म्हणत असेल, तर थांबायचं. फक्त आमदार, वर्तमानपत्रं आणि आपला मेहुणा म्हणत असेल, तर आज लागू असलेल्या कायद्याने भरायचं.

पायरी ४: फेडरल पाठवण्याआधी राज्याची गाठ बघा

"फेडरल तर तयार आहे, ते पाठवून टाकू, राज्याचं नंतर बघू." तांत्रिकदृष्ट्या हे जमतं. बहुतेक राज्यांचं रिटर्न फेडरलला न जोडता नंतर एकटं पाठवता येतं. पण फेडरलवर केलेली निवड कधीकधी राज्याचे हात बांधते.

व्हर्जिनियाचंच बघा. तिथला नियम असा की फेडरलला स्टँडर्ड डिडक्शन घेतलं, तर राज्यालाही तेच घ्यायचं. २०१८ साठी जोडप्याचं फेडरल स्टँडर्ड डिडक्शन २४,००० डॉलर झालं, व्हर्जिनियाचं मात्र ६,००० वरच होतं. समजा एका जोडप्याकडे गृहकर्जाचं व्याज १०,०००, घर आणि गाडीवरचा कर ५,५००, राज्याचा आयकर ४,५०० आणि देणगी १,००० आहे. एकूण २१,०००. फेडरलला स्टँडर्डच बरं, असं कोणीही म्हणेल.

पण स्टँडर्डऐवजी दोन्हीकडे सविस्तर वजावटी घेतल्या तर व्हर्जिनियात, राज्याचा आयकर वगळून, १६,५०० मिळतात, म्हणजे १०,५०० जास्त. ५.७५ टक्क्यांनी साधारण ६०४ डॉलर वाचले. फेडरलला वजावटीत ३,००० चं नुकसान झालं, ते १२ टक्क्यांच्या टप्प्यात ३६० डॉलरचं. निव्वळ फायदा २४४. हेच जोडपं २२ टक्क्यांच्या टप्प्यात असतं, तर नुकसान ६६० आणि सगळं उलटं. राज्याच्या वजावटींना जुने फेडरल नियम लागणार की नवे, हे १५ फेब्रुवारीपर्यंत ठरलेलं नव्हतं, म्हणून ही बेरीज पक्की होत नव्हती. अशा जोडप्याचं फेडरल घाईने पाठवलं असतं, तर पुढे दोन दुरुस्ती रिटर्न्स भरावी लागण्याची शक्यता होती.

पायरी ५: मुदतवाढ घ्या, पण पैसे वेळेवर भरा

मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरला की फेडरलला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ही मुदत कागदाची, पैशांची नाही. कर १५ एप्रिललाच भरायचा. रिटर्न न भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के आणि कर न भरल्याचा अर्धा टक्का, म्हणून पैसे कमी पडत असले तरी मुदतवाढीचा फॉर्म चुकवू नका.

राज्यांची तऱ्हा वेगवेगळी. कॅलिफोर्नियात सहा महिने आपोआप मिळतात. व्हर्जिनियाची तारीख १ मे, मुदतवाढ आपोआप, पण तोवर ९० टक्के कर पोचलेला हवा. न्यूयॉर्कला आयटी-३७० हा वेगळा फॉर्म लागतो. कायदा कुठल्या बाजूने येईल ते माहीत नसेल, तर जास्त कर येणारी शक्यता धरून पैसे भरायला सांगा. जास्तीचे परत येतात.

पायरी ६: फोन येण्याआधी आपण फोन करा

मोठा फरक असलेल्या ढिगातल्या प्रत्येकाला स्वतःहून सांगा. मी साधारण असं बोलते:

"काका, तुमचं रिटर्न तयार आहे. पण तुमच्या भाड्याच्या घराचा जो घसारा आहे, त्यावर राज्याने अजून निर्णय दिलेला नाही. आज पाठवलं तर तीनशे डॉलर रिफंड, निर्णय आपल्या बाजूने लागला तर अकराशे. मी १५ मार्चपर्यंत थांबावं असं म्हणते. तोवर काही झालं नाही, तर आजच्या कायद्याने भरू आणि पुढे दुरुस्ती करू. चालेल ना?"

यात किती पैशांचा प्रश्न आहे, कुठल्या तारखेपर्यंत थांबायचं आणि त्यानंतर काय, हे तिन्ही येतं. "कायदा आला की बघू" असं मोघम सांगितलं, की काका दर शनिवारी फोन करतात. आणि शेजारच्या जोशांचा रिफंड आलेला असतोच. बोलणं झालं की दोन ओळींचा ईमेल टाका. दुरुस्ती रिटर्नचे पैसे वेगळे लागतील का, तेही त्यातच लिहा. माझ्या मते आपण घाई केली असेल तर फुकट करावं, क्लायंटने करायला लावली असेल तर नाही.

पायरी ७: कायदा आल्याच्या दिवशी

सही झाली म्हणजे सॉफ्टवेअर तयार झालं असं नाही. फॉर्म बदलणं, राज्याने तो मंजूर करणं, कंपनीने अपडेट देणं, यात दिवस जातात. राज्याच्या फॉर्मवर "ड्राफ्ट" असा शिक्का दिसतोय तोवर पाठवू नका.

इथे पुण्याचा एक फायदा आहे. मार्चमध्ये घड्याळं पुढे जाईपर्यंत पुण्यात सकाळचे साडेनऊ म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे अकरा. दिवसभरातली सही, खात्याचं पत्रक, सॉफ्टवेअरचा अपडेट, सगळं पुण्याच्या टेबलवर सकाळच्या चहाबरोबर येतं. तिथल्या एकाने रोज आधी राज्याच्या महसूल खात्याचं पान बघायचं आणि अडकलेल्या यादीतलं काय सुटलं ते अमेरिकेतला माणूस उठायच्या आत लिहून ठेवायचं. फक्त क्लायंटची माहिती देशाबाहेर पाठवायला त्याची लेखी संमती हवी, हे घाईत विसरू नका.

रोखलेली रिटर्न्स पुन्हा चालवली की आकडे बदलतात आणि जुनी सही अपुरी पडू शकते. फेडरलला एकूण उत्पन्नात किंवा एजीआयमध्ये ५० डॉलरहून जास्त, किंवा कर, कपात, रिफंड वा देण्यात १४ डॉलरहून जास्त फरक पडला, तर फॉर्म ८८७९ वर, म्हणजे ई-फायलिंगच्या परवानगीवर, क्लायंटची नव्याने सही लागते.

पायरी ८: आधी पाठवलेल्यांचं काय

लगेच दुरुस्ती भरायला धावू नका. ११ मार्च २०२१ ला, ऐन सीझनमध्ये, २०२० च्या बेकारी भत्त्यातले १०,२०० डॉलरपर्यंत करमुक्त झाले. ज्यांनी आधीच भरलं होतं, त्यांचा हिशेब आयआरएसने बहुतांशी स्वतः दुरुस्त केला. घाईने १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म पाठवणाऱ्यांनी स्वतःचाच गुंता वाढवला. राज्यांनी मात्र आपापली वाट धरली. न्यूयॉर्कने ती सवलत मानली नाही आणि ती रक्कम परत उत्पन्नात मिळवायला लावली. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी बेकारी भत्त्यावर मुळातच कर लावत नाहीत, तिथे काही करायचंच नव्हतं.

म्हणून करखातं स्वतः दुरुस्त करणार आहे का, ते त्याच्या पत्रकात आधी वाचा. तसं नसेल आणि क्लायंटचं नुकसान होत असेल, तर त्याला कळवणं आपलं काम. दुरुस्ती करायची की नाही ते तो ठरवेल. मुदत संपायच्या आधी असाल तर दुरुस्तीऐवजी नवं रिटर्नच जुन्याच्या जागी देता येतं का ते बघा, फेडरलला ते चालतं.

ढीग वेगळे करताना केलेली यादी टाकून देऊ नका. कोणाचं रिटर्न कुठल्या तारखेच्या कायद्याने भरलं, ते प्रत्येक नावापुढे लिहून ठेवा. रिफंड मागायला फेडरलला साधारण तीन वर्षं असतात, आणि काकांचा भाचा सीपीए (अमेरिकेतला सीए) झाला की तो हेच विचारायला येतो.