हिशोब, लेबर, वेबसाइट बाहेर देताय? आधी एवढं बघून घ्या

जळगावच्या एमआयडीसीत चटईचं युनिट असो, धुळ्याला ऑइल मिल असो की नंदुरबारला मिरचीचा धंदा, सगळं काम घरात कोणीच करत नाही आता. जीएसटी एकाकडे, लेबर ठेकेदाराकडे, वेबसाइट आणि इन्स्टा पुण्या-नाशिकच्या एजन्सीकडे. त्यात वाईट काही नाही भाऊ, उलट परवडतं. भानगड अशी की काम बाहेर गेलं तरी नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.

सगळ्यात जास्त घोळ जीएसटीत होतो, म्हणून आधी तेच. पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा टाकलाय ते आजच्या आज बघा. बऱ्याच जणांचा अकाउंटंटचाच असतो, म्हणजे ओटीपी त्याला, नोटिसचा मेल त्याला, आणि मालकाला कळतं ते डायरेक्ट दंडाच्या वेळी. दोन्ही स्वतःचे टाकून घ्या, ओटीपी सांगायचा थोडा ताप होईल, होऊ द्या. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह पण त्याच्या ड्रॉवरमधून घरी आणा, ती तुमची सही आहे ना भो, कोरा चेक सही करून ठेवल्यासारखंच ते. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची) तारीख ११ असते, ती चुकली की १४ तारखेला बनणाऱ्या तुमच्या गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये (त्याला किती क्रेडिट मिळणार ते दाखवणारा पोर्टलवरचा तक्ता) तुमचं बिल दिसतच नाही, त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट, अडकतं आणि मग तो तुमचं पेमेंट अडकवतो. म्हणून "भरलं का?" असं फोनवर विचारत बसू नका, "भरलं" हे उत्तर तर कोणीही देतो, पावतीची पीडीएफ मागा किंवा स्वतः लॉगिन करून बघा. ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, उशिरा गेलं तर लेट फी आहेच, आणि क्रेडिट वजा जाऊन खिशातून भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं, ते अकाउंटंट भरत नाही.

लेबरचं तर अजून कडक आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्याकडे काम चाललंय त्याने, द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय, पीएफ-ईएसआयचं पण तसंच. कापूस जिनिंगवाल्यांना सीझनमध्ये माणसं पाहिजेच असतात, तेव्हा कागद कोण बघतो! पण बघा. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ चलन आणि त्यासोबतची नावांची यादी घ्या, आणि आपल्या गेटवर आलेल्या माणसांची नावं त्यात आहेत का ते जुळवा. नुसतं चलन दाखवतात काही जण, ते दुसऱ्याच साइटचं असतं. यादी नाही तर बिल नाही, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं की नंतर कटकट होत नाही.

वेबसाइटचं थोडक्यात: डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या, फेसबुक पेज आणि गुगलच्या बिझनेस प्रोफाइलला मेन मालक तुम्ही, एजन्सी फक्त मॅनेजर. नाहीतर भांडण झालं की दुकानाचं नावच त्यांच्याकडे राहतं. आणि गिऱ्हाइकांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देऊ नका कोणाला. सराफ बाजारात कोणी किती सोनं घेतलं ही यादी फुटली तर काय होईल विचार करा, २०२३ च्या डेटा कायद्यात पण जबाबदारी यादी गोळा करणाऱ्याची धरलीय, एजन्सीची नाही.

नवीन माणूस धरताना त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर सर्चमध्ये टाका, त्याने स्वतःचे रिटर्न कधी भरले ते तिथेच दिसतं. ज्याचे स्वतःचेच लेट, तो तुमचे काय वेळेवर भरणार. ओळखीचा असला, पाहुणा असला तरी दोन पानांचा करार करा, काम काय, किती तारखेपर्यंत, चुकलं तर दंड कोण भरणार, आणि सोडताना डेटा-पासवर्ड किती दिवसात परत देणार. ही शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. पाहुण्याशी करार कसा करायचा म्हणून लाज वाटते, पण दंड आल्यावर नातं जास्त खराब होतं.

माणूस बदलायचाच असेल तर भर सीझनमध्ये किंवा मार्च एंडला बदलू नका. आधी टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो का ते बघा, पासवर्ड बदला, आणि मगच जुन्याला सांगा.