जुन्या हार्ड डिस्कवरील प्रोग्रॅम नव्या डिस्कवर कसे न्यावेत

मंदावलेल्या संगणकातील जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे हा आजही कमी खर्चातला सर्वांत गुणकारी उपाय आहे. डिस्क बसवायला फारसा वेळ लागत नाही. प्रश्न पडतो तो त्यावरच्या प्रोग्रॅमचा. मराठी मुलुखातील एखाद्या डीटीपी केंद्राच्या संगणकावर मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी, पानजुळणीसाठी पेजमेकर, चित्रांसाठी कोरलड्रॉ आणि हिशेबासाठी टॅली असा संसार वर्षानुवर्षे थाटलेला असतो, त्यांतील निम्म्यांच्या सीडी गहाळ झालेल्या असतात आणि प्रोग्रॅम बसवून देणारा माणूसही आता संपर्कात नसतो. अशा वेळी प्रोग्रॅम नव्याने इन्स्टॉल न करता आहेत तसे कसे हलवावेत, हे विंडोज १० व ११ धरून येथे सांगितले आहे.

प्रोग्रॅम फाइल्समधील फोल्डर उचलून नव्या डिस्कवर टाकला की काम झाले, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इन्स्टॉल होताना प्रोग्रॅम आपले सामान अनेक ठिकाणी ठेवतो: मुख्य फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये, सामाईक माहिती प्रोग्रॅमडेटात, वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी ॲपडेटात, फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये आणि या सगळ्याचे पत्ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत. डेस्कटॉपवरील कोणत्याही शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यास टार्गेटच्या चौकटीत ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिसतो; असेच शेकडो पत्ते रजिस्ट्रीत असतात. म्हणून नुसता फोल्डर हलवला की प्रोग्रॅम एखादी डीएलएल फाइल सापडत नसल्याची तक्रार करतो, किंवा उघडला तरी स्वतःला नोंदणी नसलेला समजतो. यातून एक सोपा नियम निघतो: प्रोग्रॅमच्या दृष्टीने पत्ता बदलता कामा नये.

बदलायची डिस्क दुय्यम असेल, म्हणजे विंडोज सी ड्राइव्हवर असून प्रोग्रॅम किंवा त्यांचा डेटा डी ड्राइव्हवर असेल, तर काम हलके आहे. नवी डिस्क जोडून ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावी, डी ड्राइव्हवरून चालणारे सगळे प्रोग्रॅम बंद करावेत आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेने संपूर्ण मजकूर हलवावा. त्यासाठी ई, कॉपीऑल आणि एक्सजे (/E /COPYALL /XJ) हे तीन स्विच, म्हणजे आज्ञेला जोडायच्या सूचना, पुरतात. यांमुळे उपफोल्डर आणि परवानग्या जशाच्या तशा येतात आणि जंक्शनच्या (एका फोल्डरवरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्याच्या) फेऱ्यात कॉपी अडकत नाही. आर आणि डब्ल्यू या स्विचना १ ही किंमत द्यायला मात्र विसरू नये, कारण एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा प्रयत्न करत बसते. कॉपी झाल्यावर डिस्क मॅनेजमेंट उघडून आधी जुन्या डिस्कला डी ऐवजी दुसरे एखादे अक्षर द्यावे, मग नव्या डिस्कला डी द्यावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पत्ता तोच राहिल्यामुळे प्रोग्रॅमना बदल जाणवतही नाही.

सी ड्राइव्हचीच डिस्क बदलायची असेल तर अख्ख्या डिस्कचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करणे हाच खरा मार्ग आहे. प्रोग्रॅम एकेक हलवून देण्याचा दावा करणारी सशुल्क साधने बाजारात आहेत. पण जुना प्रोग्रॅम आणि त्याचा परवाना यांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबण्याचे कारण मला दिसत नाही, कारण क्लोनमध्ये विंडोज, रजिस्ट्री, फॉन्ट, ड्रायव्हर असे सगळे एकत्रच येते.

डिस्क निवडताना घाई करू नये. २.५ इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी वापरणारी) एसएसडी जवळजवळ कोणत्याही जुन्या डेस्कटॉपला किंवा लॅपटॉपला चालते आणि सेकंदाला सुमारे ५५० एमबी वेग देते. फिरत्या डिस्कचा वेग साधारण १०० ते २०० एमबी असतो आणि विखुरलेल्या लहान फाइल वाचताना तो आणखी कोसळतो. एनव्हीएमई ही नव्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क कित्येक पट वेगवान असते, परंतु मदरबोर्डवरील एम.२ खाच केवळ साटा प्रकारची असेल तर ती ओळखलीच जात नाही, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक मदरबोर्डचा बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. पानजुळणी आणि हिशेबाच्या कामाला साटा एसएसडी पुरेशी आहे.

क्लोन करण्यापूर्वीची तयारी हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. प्रथम क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने जुन्या डिस्कची प्रकृती पाहावी. खराब सेक्टरचा इशारा दिसल्यास क्लोनच्या नादी लागण्याआधी कामाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. प्रकृती ठीक असली तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत स्वतंत्र पेन ड्राइव्हवर असलीच पाहिजे, कारण क्लोन करताना मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते आणि मागे फिरण्याची वाट उरत नाही. त्यानंतर चेकडिस्क एफ स्विचसह चालवावे आणि पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि क्लोनझिलासारखे क्लोन करणारे साधन असे पार्टिशन (डिस्कचा विभाग) नाकारते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का, हेही सेटिंग्जमध्ये पाहावे. घरगुती लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असू शकते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि शक्यतो एन्क्रिप्शन पूर्ण उतरवूनच पुढे जावे.

क्लोनसाठी नव्या डिस्कच्या कंपनीने दिलेले साधन सोपे पडते. सॅमसंग स्वतःचे देते, तर क्रूशल आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या डिस्कबरोबर ॲक्रोनिसची आवृत्ती वापरता येते. पूर्वी सर्रास सुचवली जाणारी मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती २०२४ पासून बंद झाली आहे. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचे आहे, पण त्याचा काळा-निळा पडदा नवख्याला बुजवतो आणि सामान्यतः नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी अशी त्याची अट असते. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर केवळ आकार पाहून भागत नाही. दोन्ही ५०० जीबीच्या असतील तर मॉडेलचे नाव वाचूनच कोणती कोणती ते ठरवावे. फक्त सी नव्हे, तर त्याच्या आगेमागे असलेली ईएफआय (विंडोज सुरू करणारे) आणि रिकव्हरी (दुरुस्तीचे) ही लहान पार्टिशनेही निवडावीत. ईएफआय सुटले तर संगणक सुरूच होणार नाही.

क्लोन पूर्ण झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि नवी तिच्या जागी लावूनच पहिल्यांदा सुरू करावा. दोन्ही डिस्क एकदम जोडलेल्या राहिल्यास त्यांची ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करते, किंवा आपण नव्या डिस्कवर काम करतो आहोत असे समजून जुनीवरच करत राहतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यास निळ्या पडद्यावर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असा संदेश येऊ शकतो. तसे झाल्यास दोन-तीनदा अपयशी सुरुवात झाली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडले की योग्य ड्रायव्हर जागा होतो आणि पुढच्या वेळी ते सरळ सुरू होते. नवी डिस्क मोठी असूनही सी ड्राइव्ह पूर्वीइतकाच दिसतो आणि एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट राहतो, ही तक्रारही नेहमीची आहे. मोकळी जागा आणि सी यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेले असते. क्लोन करतानाच आकार वाढवण्याचा पर्याय निवडल्यास हा त्रास टळतो.

परवान्यांचा विषय वेगळा आणि नाजूक आहे. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असल्याने डिस्क बदलल्याने सहसा हलत नाही. श्रीलिपीच्या ज्या आवृत्त्यांना डोंगल (संगणकाला जोडायचे परवान्याचे छोटे उपकरण) लागतो, त्यांचा परवाना त्या डोंगलमध्येच असतो. डोंगल जोडलेला ठेवून ड्रायव्हर चालतो की नाही एवढेच पाहावे. टॅलीचा परवाना मात्र संगणकाशी जोडलेला असतो, म्हणून क्लोनपूर्वी इंटरनेट चालू असताना तो प्रोग्रॅममधूनच सरेंडर (परत) करावा आणि नव्या डिस्कवर पुन्हा सक्रिय करावा. हे राहून गेले आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये गेले, तर व्हाउचरला महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख एवढ्याच तारखा चालतात. जीएसटीच्या विवरणपत्राच्या आदल्या रात्री हे लक्षात येणे परवडणारे नाही. स्थानिक पातळीवर तयार झालेली सोसायटीची, पतसंस्थेची किंवा दवाखान्याची सॉफ्टवेअर कधी डिस्कच्या क्रमांकावर कुलूप लावतात. कमांड प्रॉम्प्टवर व्हॉल ही आज्ञा दिल्यावर दिसणारा आठ अक्षरी क्रमांक फॉरमॅटचा असतो आणि हुबेहूब क्लोनबरोबर तो येतो. कारखान्यात डिस्कवर कोरलेला क्रमांक मात्र येत नाही. दुसऱ्या प्रकारचे कुलूप असेल तर बनवणाऱ्याकडून नवी की घ्यावीच लागते, आणि ती मागण्याची वेळ क्लोनच्या आधीची असावी.

क्लोन न करता फक्त सी ड्राइव्हवरची गर्दी कमी करायची असेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली काही ॲप सेटिंग्जमधील इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीतून मूव्ह करता येतात आणि स्टीमवरील खेळ त्याच्या स्टोरेज विभागातून हलतात. इतर मोठ्या प्रोग्रॅमसाठी फोल्डर दुसरीकडे नेऊन एमकेलिंक आज्ञेने मूळ जागी जंक्शन करता येते, पण अपडेट करताना प्रोग्रॅम ते कधी मोडून टाकतो. संपूर्ण प्रोग्रॅम फाइल्सचाच पत्ता रजिस्ट्रीतून बदलण्याची युक्ती करू नये; मायक्रोसॉफ्ट स्वतः त्याला पाठिंबा देत नाही.

नव्या डिस्कवर सगळे उघडू लागले तरी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक जुनी फाइल उघडून, छापून आणि जतन करून पाहावी. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधील जाहिरातीत जोडाक्षरे फुटली नाहीत ना, हे पडद्यावर नव्हे तर कागदावर तपासावे. उतरवलेले एन्क्रिप्शन आता पुन्हा चालू करता येते. महिनाअखेरीचे हिशेब आणि एखादे मोठे छपाईचे काम निर्वेध पार पडेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नये. तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती कोरड्या जागी ठेवावी.