फॉर्मेशन निवडावं कसं आणि मैदानावर टिकवावं कसं

हंगाम जवळ आला की कुणीतरी नवा प्रशिक्षक मला विचारतोच, "सर, यंदा कुठलं फॉर्मेशन (संघाची मैदानावरची मांडणी) लावू?" आदल्या रात्री टीव्हीवर बघितलेल्या मॅचचा ४-३-३ (गोलकीपर सोडून मागं चार, मध्ये तीन, पुढं तीन) त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. मी उलट विचारतो, "तुझे दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले दोन बॅक, मागं वळून पळायला लागले तर किती वेगात पळतात?" याचं उत्तर त्याच्याकडं नसेल तर पुढची चर्चा मी करत नाही.

कोल्हापुरात मी बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. इथं पेठापेठांत संघ आहेत, शाहू स्टेडियमवर गर्दी होते, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. चेंडू पायात आला की चार जणांना चकवणारी पोरं आपल्याकडं उदंड आहेत. चेंडू पायात नसताना कुठं उभं राहायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फॉर्मेशन खरं तर त्यासाठी असतं, म्हणून या लेखातला मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

आधी माणसं, मग आकडे

वहीत अकरा नावं लिहा आणि प्रत्येकापुढं त्याला काय जमत नाही ते लिहा. तुमचे दोन्ही विंगर, म्हणजे कडेनं खेळणारे, चेंडू गेल्यावर मागं पळत येतात का? येत असतील तर ४-४-२. मध्ये खेळणारे तिघे चांगले आहेत, त्यातला एक जागा न सोडता बचावफळीपुढं उभा राहू शकतो, आणि स्ट्रायकर एकट्यानं दोन स्टॉपरांना झुंजवतो? मग ४-३-३ करून बघा. ३-५-२ला शाळकरी संघानं हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कडेच्या दोघांना नव्वद मिनिटं दोन्ही टोकं गाठावी लागतात. ती पोरं विसाव्या मिनिटाला दमून मागं थांबतात आणि तुमचा संघ न ठरवता ५-३-२ खेळायला लागतो.

माणूस बघून निर्णय घेणं म्हणजे काय, ते भारतीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक रहीम साहेब यांच्याकडून शिकावं. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेला स्टॉपर होता. रहीम साहेबांनी त्याला सेमीफायनल आणि फायनलला थेट आघाडीवर खेळवलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाला आपण २-१ हरवलं आणि त्यातला एक गोल जर्नेलचा होता.

ठरवता येत नसेल तर डोळे झाकून ४-४-२ घ्या. "जुनाट आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २०१५-१६मध्ये लेस्टर सिटी याच मांडणीवर इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. यात दोन ओळी चौघांच्या आणि पुढं एक जोडी, त्यामुळं प्रत्येक पोराला आपला शेजारी कोण हे लगेच कळतं, आणि शिकवताना तेवढं पुरेसं असतं. पुढचं सगळं मी ४-४-२ धरूनच सांगतो.

अंतर: इथंच सगळं अडतं

फळ्यावर अकरा ठिपके काढायला पाच मिनिटं लागतात. ते ठिपके मैदानावर एकमेकांपासून योग्य अंतरावर राहायला मला दोन हंगाम लागले. सुरुवातीला मी प्रत्येकाला जागा नेमून द्यायचो: तू इथं, तू तिथं. पोरं इमानदारीनं आपापल्या जागेवर उभी राहायची आणि समोरचा संघ त्यांच्यामधून आरामात पास देत जायचा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान दहा जणांनी भरून निघत नाही. सगळं झाकायला गेलात तर काहीच झाकलं जात नाही. त्यामुळं पोराची जागा चेंडूवरून आणि शेजाऱ्यावरून ठरली पाहिजे, गवतावरच्या खुणेवरून नाही.

इटालियन प्रशिक्षक आरिगो साक्की १९८७मध्ये मिलान क्लबला आला तेव्हा गुलित आणि व्हान बास्तेनसारख्या खेळाडूंनाही हे पटवून द्यावं लागलं होतं. त्यानं गोलकीपर आणि चार बॅक एका बाजूला ठेवले आणि दहा जणांना त्यांच्यावर सोडलं. पंधरा मिनिटांत दहा जणांना एकही गोल करता आला नाही. शेवटच्या बॅकपासून पुढच्या स्ट्रायकरपर्यंत पंचवीस मीटरच्या आत सगळे, हा त्याचा आग्रह. १९८९ आणि १९९०, सलग दोनदा युरोपियन कप. शाळकरी पोरांसाठी मी तीस मीटर धरतो.

मी हे दोरीनं शिकवतो. चोवीस मीटर सुती दोरी आणा, दर आठ मीटरवर गाठ मारा. चार बॅक, प्रत्येकाच्या मुठीत एक गाठ किंवा टोक. कमरेला बांधायची चूक करू नका, एक पडला की शेजारचा तोंडावर आपटतो. मी समोर चेंडू घेऊन आडवा चालायला लागतो, अगदी सावकाश. उजवीकडं गेलो की त्या बाजूचा बॅक माझ्यावर येतो आणि उरलेले तिघे त्याच्या मागं तिरके सरकतात. दोरी जमिनीला टेकली म्हणजे दाटी झाली. ताणली गेली म्हणजे कुणीतरी उशिरा निघालं. पहिल्या दिवशी सगळ्यात लांबचा बॅक हमखास जागेवर उभा राहतो, कारण त्याला वाटतं चेंडू आपल्यापासून चाळीस मीटरवर आहे, आपलं काय काम? त्याच्या मुठीला हिसका बसतो. मी त्याला काही सांगत नाही. चार-पाच हिसक्यांनंतर तो चेंडूकडं बघायच्या आधी शेजाऱ्याच्या पायांकडं बघायला लागतो. मला तेच हवं असतं.

चेंडू एका कडेला असेल तेव्हा लांबचा बॅक जवळजवळ मैदानाच्या मध्यावर आलेला असावा. म्हणजे पलीकडची कड पूर्ण मोकळी. बाहेरून पालक ओरडतात, "अरे, तिकडचा मोकळा आहे!" मोकळा राहू दे. तिथवर चेंडू हवेतून जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात चौघांना सरकून पोचता येतं. मात्र चेंडू पायातून सुटताक्षणी निघायचं, तो पोचल्यावर नाही.

दोरी जमली की तिच्यापुढं दहा-बारा मीटरवर फक्कीची रेघ मारा आणि मधल्या फळीचे चौघे उभे करा. आता आठ जण एकत्र सरकतील. दोन फळ्यांमधलं अंतर पंधरा मीटरच्या वर गेलं की शिट्टी, सगळे जागेवर थांबणार आणि त्या पोकळीकडं स्वतः बघणार. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. पोरं कंटाळतात, पण यातून सुटका नाही. मॅच खेळवून आपोआप येईल, हा सल्ला देणाऱ्यानं कधी संघ घडवलेला नसतो.

आता सगळ्यात अवघड भाग. बॅकांची ओळ पुढं कधी न्यायची आणि मागं कधी घ्यायची? मी एका आंतरशालेय सेमीफायनलला कडेवर उभा राहून सतत "वर या, वर या" ओरडत होतो. पोरांनी ऐकलं. पंचवीस मिनिटांत दोन गोल बसले, दोन्ही अगदी सारखे: त्यांच्या मधल्या खेळाडूकडं चेंडू, अंगावर कुणी नाही, त्यानं मान वर करून आमच्या बॅकांच्या डोक्यावरून लांब पास टाकला आणि त्यांचा विंगर एकटा धावत गेला. माझा स्टॉपर हाफटाइमला पाण्याची बाटली हातात धरून म्हणाला, "सर, तुम्हीच वर म्हणालात." तो बरोबर होता. त्या पोराचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं, कारण घरी गेल्यावर शिव्या त्यानं खाल्ल्या.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: चेंडूवाल्याची मान बघा. त्याची मान खाली आहे, पाठ आपल्याकडं आहे किंवा आपला गडी त्याच्या अंगाला भिडलाय, तर चौघांनी पुढं यायचं. तो मोकळा आहे, मान वर आहे आणि मारायला पाय मागं घेतोय, तर त्यानं मारायच्या आधीच चौघांनी पाच पावलं मागं पळायचं. ऑफसाइडच्या (बॅकांच्या मागं आधीच उभ्या असलेल्या गड्याला पास दिला की होणारी चूक) भरवशावर हात वर करून उभं राहायचं नाही. स्थानिक मॅचमध्ये लाइन्समनच्या झेंड्यावर निकाल सोपवणं हा धोका मी घेत नाही. मागं येताना मोठ्या डीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) रेषेशी थांबायचं, त्याच्या आत घुसलात तर गोलकीपरला काही दिसत नाही.

हुकूम एकाच स्टॉपरनं द्यायचा. दोनच शब्द, "वर" आणि "मागं". ओळ पुढं असेल तेव्हा गोलकीपर मोठ्या डीच्या रेषेवर हवा. गोलच्या दांड्यांमध्ये उभा राहणारा गोलकीपर असेल तर हे सगळं करूच नका, संघ खालीच खेळवा.

मधल्या दोघांची ओढाताण

समोरचा संघ मध्ये तिघे घेऊन आला की ४-४-२मधले मधले दोघे (चौघांतले उरलेले दोघे कडेचे विंगर) कमी पडतात. इथं लोक घाबरून फॉर्मेशन बदलतात. गरज नाही. चेंडू त्यांच्याकडं असेल तेव्हा तुमच्या दोन स्ट्रायकरांपैकी एकानं मागं येऊन त्यांच्या सगळ्यात मागच्या मधल्या खेळाडूपुढं उभं राहायचं. त्याच्याकडून चेंडू हिसकावायचा नाही, फक्त त्याच्याकडं जाणारी वाट अडवायची. विंगरनी दोन-तीन पावलं आत यायचं. हे काम कुठला स्ट्रायकर करणार ते मॅचआधीच नाव घेऊन सांगा, नाहीतर दोघेही दुसऱ्याची वाट बघत राहतात.

चेंडू आपल्याकडं आला की

इथं मी फार शिकवत नाही, आपली पोरं ते मनानं करतात. फक्त एक साइड बॅक पुढं गेला की दुसरा मागं, आणि मधल्या दोघांपैकी एक कायम चेंडूच्या मागं. कॉर्नरला दोघे मागं ठेवा.

मॅचच्या दिवशी

पहिली दहा मिनिटं तोंड बंद ठेवा आणि चेंडूकडं न बघता तुमच्या दोन फळ्यांमधल्या पट्ट्याकडं बघा. समोरचा कुणी तिथं चेंडू घेऊन गोलकडं तोंड करून वळतोय का? एकदा वळला तर त्याची हुशारी. तीनदा वळला तर तुमचं अंतर फाटलंय. बहुतेक वेळा मधली फळी चेंडूमागं पळालेली असते आणि बॅक घाबरून मागं राहिलेले असतात. मधल्या फळीला मागं बोलवा, बॅकना पुढं ढकलू नका. तेच लवकर साधतं.

हाफटाइमला आकडे बदलायचा मोह होतो. सरावात न केलेली मांडणी पोरं दहा मिनिटांत शिकत नाहीत. त्यापेक्षा माणूस बदला: दमलेला विंगर काढा, कारण तो मागं आला नाही की त्याच्या बाजूचा बॅक दोघांसमोर एकटा सापडतो. गोल लागले नसतील, तरी आधी तोच काढा. एक गोलनं पुढं असताना शेवटच्या दहा मिनिटांत एक स्ट्रायकर काढून मध्ये तिसरा घाला, ४-५-१ होईल. पण हेही आधी सरावात चार वेळा करून घ्या, आणि आत येणारा पोरगा कुणाच्या शेजारी उभा राहणार ते त्याला बूट घालायच्या आधी सांगा.