१ जानेवारीला जन्मलेला माणूस

बँकेच्या स्क्रीनिंग डेस्कवर, म्हणजे ग्राहकांची नावं दहशतवाद्यांच्या याद्यांशी ताडून बघायच्या कामावर, नवीन लागलात म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ठराव क्र. १२६७ (अल-कायदा, आयसिस) आणि १९८८ (तालिबान) च्या याद्या, अशी खाती गोठवायला लावणारं यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम ५१ए, फझी मॅच (नाव थोडंफार जुळणं) हे सगळं ट्रेनिंगमध्ये ऐकून झालं असेल. ते परत सांगत नाही. मी ज्या खड्ड्यात पडलो तो दाखवतो.

तिसरा महिना होता. एका सीनियरने पहिल्याच आठवड्यात मला तयार शेरा दिला होता: 'नाव अंशतः जुळते, जन्मतारीख भिन्न, फॉल्स पॉझिटिव्ह.' म्हणजे हा यादीतला माणूस नाही. सिस्टीमने नाव जुळल्याचा अलर्ट दिला की कॉपी, पेस्ट, क्लोज. बंद केलेल्या अलर्टचा माझा आकडा टीममध्ये वर गेला, मीही खूश. मग तपासणीतून एक अलर्ट परत आला. वर एवढंच लिहिलेलं: 'ही जन्मतारीख आली कुठून?'

सिस्टीममध्ये ग्राहकाची तारीख होती १ जानेवारी. केवायसीचा स्कॅन उघडला तर जुनं रेशनकार्ड, त्यावर नुसतं वय. खातं उघडताना कुणीतरी वयावरून वर्ष काढलं आणि पुढे १ जानेवारी ठोकून दिली. शाळेत गुरुजींनी १ जून लावलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, माझे वडील त्यातलेच. तरी असल्या तारखेच्या भरवशावर मी अलर्ट बंद करत होतो!

यादीची बाजूही तितकीच कच्ची असू शकते. कित्येक नोंदींत फक्त वर्ष असतं, कुठे 'अंदाजे', कुठे दोन-तीन तारखा. अशा वेळी 'तारीख जुळत नाही' याला काडीची किंमत नाही. हां, वयात तीस वर्षांचं अंतर असेल तर गोष्ट वेगळी.

जन्मस्थळाचंही तेच. दाऊद इब्राहिम कासकरची १२६७च्या यादीतली नोंद, क्रमांक क्यूडीआय.१३५, स्वतः उघडून वाचा. नोव्हेंबर २००३पासून यादीत आहे. जन्मस्थळ रत्नागिरीतलं खेड, पण इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'डी'ऐवजी 'आर', म्हणजे खेर. रत्नागिरी जिल्हा माहीत असलेल्याला ते लगेच खटकतं, मशीनला खटकत नाही. टोपणनावं आणि त्यांची स्पेलिंगं तर वाचून दमाल. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी महागड्या सर्टिफिकेटमागे धावू नका. यादी फुकट आहे, रोज पाच नोंदी वाचा.

अलर्ट बंद करताना वडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, इंटरपोलच्या नोटिशीत फोटो असेल तर तो, यातलं जे मिळेल ते बघा आणि मूळ कागदावरून बघा, स्क्रीनवरच्या रकान्यावरून नाही. घाबरू नका, बहुतेक अलर्ट फोलच निघतात. माझा तो ग्राहकही वडिलांच्या नावावर दहा मिनिटांत सुटला. उत्तर बरोबरच होतं, कारण चुकीचं लिहिलं होतं.

पण खरी मॅच वाटली तर ग्राहकाला चुकूनही सुगावा लागू द्यायचा नाही. शाखेतल्या ओळखीच्या माणसाला फोनसुद्धा नको. लगेच वर पाठवा. गृह मंत्रालयाच्या नोडल (या कामासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला २४ तासांत कळवावं लागतं, आणि 'जेवून आल्यावर बघतो' म्हणून तुम्ही घालवलेला तास त्यातूनच जातो.

तो तयार शेरा मी पुसून टाकला. महिनाभर माझा आकडा टीममध्ये सगळ्यात खाली होता. सीनियर अजून विचारतो, 'काय रे, रेशनकार्डं वाचतोयस का?'

वाचतोय.